आत्सू सरपणाला गेलाय

अयोकोला नावानं हाक मारणारा मी एकटाच होतो, कारण ती माझी मावसबहीण. बाकी सगळा किनारा तिला जुळ्यांची आई म्हणायचा. आमच्याकडे हा मान असतो. जुळ्यांच्या आईला रांगेत कुणी मागं ढकलत नाही, बाजारात तिच्या टोपलीला कुणी नावं ठेवत नाही. अयोकोनं हा मान चोवीस वर्षं मिरवला आणि तो माझ्या एका वाक्यापायी गेला. लोक माझी समजूत घालतात की अनानी, तुझा काय दोष, तू नुसतं भाषांतर केलंस. नुसतं भाषांतर केलं, तेच तर नडलं.

आम्ही अनेहो गावाच्या अलीकडच्या किनाऱ्यावरचे. राजधानीत, लोमेला, मोठा धक्का बांधला तेव्हापासून समुद्र आमच्या बाजूला आत सरकतोय. माझ्या लहानपणी जिथं माडांची तिसरी रांग होती तिथं आता होड्या तरंगतात. अयोकोचं सासरचं घर असंच पाण्यात गेलं. नवरा त्याच्या आधीच तापानं गेला होता. ती रस्त्याच्या कडेला सरकली, मातीच्या दोन गोल भट्ट्या घातल्या आणि मासे धुरावून विकू लागली. दिवसभर डोळे लाल, लुगड्याला धुराचा वास, आणि तोंड असं की तारलीच्या टोपलीत एक शिळा मासा निघाला तर नाखव्याच्या सात पिढ्यांचा उद्धार व्हायचा.

तिला जुळे झाले. आधी आला तो आत्सू, मागून आला तो एत्से. जुळ्या मुलग्यांची नावं शोधावी लागत नाहीत, ती हीच असतात. बाराव्या दिवशी आत्सू सरपणाला गेला.

असंच म्हणायचं. जुळ्यांतला एक गेला की त्याच्यासाठी दुसरा शब्द वापरायचा नाही. तो रानात सरपण आणायला गेलाय, येईल. दुसरा शब्द मागं राहिलेल्या भावाच्या कानावर पडला तर तोही उठून त्याच वाटेनं चालू लागतो, म्हणून बायका तो शब्द मनातसुद्धा येऊ देत नाहीत. सुताराकडून वीतभर लाकडी मूर्ती करून घ्यायची, आणि गेलेला परत येईपर्यंत तिला लेकरासारखं सांभाळायचं. एत्सेला आंघोळ तर आत्सूला आंघोळ. एत्सेला नवा सदरा शिवला तर त्याच कापडाचा तुकडा आत्सूच्या कमरेला. पाम तेलात शिजवलेली चवळी दोघांना सारखी वाढायची. अयोको ती मूर्ती पोटाशी लुगड्यात खोचूनच भट्टीपुढं बसायची. चोवीस वर्षांत मूर्तीचं नाक झिजून सपाट झालं होतं, इतकी ती तिला धुवायची आणि तेल लावायची.

तिचा न्याय चोख होता. एत्सेनं लहानपणी एकदा पाण्याचा माठ फोडला. अयोकोनं त्याचा कान पिळला आणि मग बसून मूर्तीचाही पिळला. एत्से रडत म्हणाला, त्याला कुठं लागतंय, मलाच लागतं. अयोको म्हणाली, "त्यालाही लागतं. तुझ्यासारखा बोंबलत नाही एवढंच."

एत्से मोठा झाला, रापणीच्या, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायच्या मोठ्या जाळ्याच्या, दोरावर सगळ्यांत पुढं उभा राहणारा गडी झाला. त्याचं लग्न काही जमेना. एक मुलगी बघून ठेवली होती, तिच्या आत्यानं विचारलं, आमच्या पोरीला दोन नवऱ्यांचं रांधावं लागणार का? किनाऱ्यावर महिनाभर हसले लोक. अयोकोही हसली आणि म्हणाली, रांधू दे की, दुसरा खातो किती! एत्से मात्र हसला नाही. पुढं एकदा माझ्या गाडीत बसून तो म्हणाला, "मामा, मी जन्मात एकदाही एकटा जेवलो नाही." हे तो कौतुकानं म्हणाला की कंटाळून, ते मला आजही ठरवता येत नाही.

माझा धंदा गाडीचा. जुनी पेझो, तिचा मागचा एक दरवाजा आतूनच उघडतो. लोमेला पाहुणे येतात ते मोजकेच, आणि त्यातले निम्मे शेजारच्या देशात जाता जाता एक-दोन दिवस थांबलेले असतात. आमचा देश नकाशावर त्यांना बोट ठेवून शोधावा लागतो. मी त्यांना बाजार दाखवतो, धक्का दाखवतो, मग किनाऱ्यानं पूर्वेला नेतो. फ्रेंच मला शाळेत छड्या खाऊन आली, तिच्यावर पोट भरतो. पाहुण्यांना वाळू आवडते. ही वाळू म्हणजे आमची घरं, आमची कब्रस्तानं, हे मी त्यांना सांगत नाही. सुट्टीवर आलेल्या माणसाचं तोंड कशाला पाडायचं.

त्या वर्षी सोलांज नावाची एक बाई आली. एकटी, साठीची, शाळेत शिकवून निवृत्त झालेली. पाहुणी म्हणून मला ती आवडली होती. घासाघीस नाही, नाकाला रुमाल नाही, पोरं ‘योवो, योवो’, म्हणजे ‘गोरी, गोरी’, करत मागं लागली की ही गोरी बाई त्यांनाच उलट ‘योवो’ म्हणायची आणि पोरं वाळूत लोळायची. तिसऱ्या दिवशी तिचं संध्याकाळी सहाचं विमान होतं. सकाळी मी तिला आमच्या गावच्या किनाऱ्यावर घेऊन गेलो.

रापण ओढणं चाललं होतं. दोन्ही दोरांवर वीस-वीस माणसं, एत्से डाव्या दोरावर पुढं. अयोको टोपली घेऊन वाट बघत बसली होती, पोटाशी आत्सू. सोलांजला मासे दिसलेच नाहीत, तिला आधी आत्सू दिसला. तिनं मला विचारलं, हे काय आहे? मी अयोकोला विचारलं. अयोकोनं मूर्ती बाहेर काढली, तिच्या तोंडावरची वाळू पुसली आणि म्हणाली, "हा माझा थोरला. आत्सू. सरपणाला गेलाय."

एत्से दहा पावलांवर होता. त्याला फ्रेंचमधलं एक अक्षर कळत नव्हतं. मी हे सगळं सोलांजला उलगडून सांगू शकलो असतो. पण सवय जिभेत मुरलेली असते. एत्सेसमोर मी तो शब्द कुठल्याच भाषेत उच्चारला नसता. मी म्हणालो, तिचा मोठा मुलगा आहे, लाकडं आणायला गेलाय. सोलांजनं मान हलवली. घरचा मुलगा कामाला गेलाय, त्याचं खेळणं आईनं जपून ठेवलंय, असं तिला वाटलं असणार. दुसरं काय वाटणार?

मग ती म्हणाली, "मी याला घेऊ का?"

मी ते जसंच्या तसं अयोकोला सांगितलं. ती विचारतेय, मी याला घेऊ का.

अयोकोचा चेहरा असा फुलला, की मी तिला इतकं खूश क्वचितच पाहिलं असेल. आमच्यात जिला मूल नाही ती बाई जुळ्याला कडेवर मागून घेते, म्हणजे तिचंही काही भलं होतं. अयोको म्हणाली, "अगं घे ना. लेकरू घ्यायला कुणी विचारतं का?" मी त्यातलं ‘घे ना’ तेवढं सोलांजला सांगितलं. सोलांजनं मूर्ती दोन्ही हातांनी घेतली, डोळे भरून आले तिचे. तिनं एक मोठी नोट काढून अयोकोच्या हातात ठेवली. जुळ्याला कुणी हात लावला की त्याच्यापुढं काहीतरी ठेवतोच, तेव्हा अयोकोनं ती आत्सूच्या नावानं कपाळाला लावली आणि कनवटीला खोचली. दोघी एकमेकींकडं बघून हसत होत्या. त्यांच्यामध्ये मी दोन भाषा येणारा शहाणा उभा होतो, आणि मीही हसत होतो.

तेवढ्यात जाळं किनाऱ्याला लागलं. आरडाओरडा सुरू झाला. अयोको टोपली उचलून पळाली. शेजारणीच्या हातात तान्हं मूल देऊन बाई पळते, तशीच. मी गाडीच्या रेडिएटरमध्ये पाणी घालायला गेलो. परत वळलो तर सोलांज मागच्या सीटवर येऊन बसली होती, मांडीवर पिशवी. तिनं विचारलं, जाताना त्यांचा निरोप घ्यायला नको का? मी म्हणालो, नको, आता मासे वाटून घेण्याची वेळ आहे, मी सांगेन नंतर. माझी जीभ तेव्हा झडली असती तर बरं झालं असतं.

सोलांजला मी हॉटेलवर सोडलं. दुसऱ्या कुणाबरोबर तरी तिची विमानतळावर जायची सोय झाली होती. मी बाजाराजवळ गाडी लावून भात खात होतो, चार वाजत आले होते, आणि माशांच्या ट्रकवरून अयोको आणि एत्से उतरताना दिसले. अयोको माझ्यावर ओरडली नाही. ती सरळ गाडीकडं गेली. मागचा दरवाजा बाहेरून उघडेना तेव्हा पलीकडून गेली, सीटवर पाहिलं, सीटखाली वाकून पाहिलं.

"आत्सू कुठंय?"

मी विचारलं, तुझ्याकडं नाही? आणि विचारता विचारताच मला सगळं उमगलं. घेऊ का. अरे देवा, घेऊ का.

हॉटेलवर गेलो तर बाई निघून गेली होती. विमानतळावर पोचलो तेव्हा पाच वाजून गेले होते. काचेच्या दाराशी टेबल टाकून एक अधिकारी बसला होता, वर उत्तरेकडचा, पोटापाण्यासाठी शिकलेली आमची भाषा मोडकीतोडकी बोलणारा. माणूस वाईट नव्हता. तिकीट नसेल तर आत सोडता येत नाही, काय हरवलंय ते सांगा, मी माणूस पाठवतो, असं तो म्हणाला.

अयोको म्हणाली, माझा मुलगा एका योवो बाईनं नेलाय.

तो ताडकन उभा राहिला. मूल पळवलंय म्हटल्यावर कुणीही राहील. नाव काय, वय काय?

"आत्सू. चोवीस."

"चोवीस वर्षांचा मुलगा एका बाईनं नेला? कशात घालून?"

"पिशवीत," अयोको म्हणाली.

मागं उभे असलेले दोघं फिसकन हसले. अधिकारी हसला नाही, पण पुन्हा खाली बसला. त्यानं माझ्याकडं पाहिलं. मी फ्रेंचमध्ये समजावू लागलो की मूर्ती आहे, जुळ्यांची रीत आहे, पण मधेच अडकलो, कारण तो मला एकच प्रश्न विचारत होता: मग खरा मुलगा कुठंय? आणि एत्से माझ्या खांद्याला खांदा लावून उभा होता. मी म्हणालो, सरपणाला गेलाय. अधिकाऱ्यानं सुस्कारा सोडला. सरपणाला गेलाय तर रात्रीपर्यंत येईल घरी, तुम्हीही घरी जा. तो दमून म्हणाला की बाई, मला एकच सांगा, तुमचं मूल नेलंय की वस्तू नेलीय? मूल असेल तर मी विमान अडवतो. वस्तू असेल आणि तिनं पैसे दिले असतील तर ती तिची झाली.

अयोकोनं कनवटीची नोट काढून टेबलावर ठेवली. म्हणाली, हे पैसे आत्सूचे आहेत, त्याच्या मानाचे, विकल्याचे नाहीत. वस्तू नाही, मुलगा आहे. परत तेच, परत तेच. काचेपलीकडं लोक रांगेनं विमानाकडं चालू लागले होते. तिनं काचेवर हात मारायला सुरुवात केली, आत्सू, आत्सू अशा हाका घालू लागली, आणि एक शिपाई तिचा दंड धरायला पुढं झाला.

तेव्हा एत्से बोलला. माझ्या शेजारून, अगदी हळू, आमच्याच भाषेत, म्हणजे आईलाही कळेल असं.

"साहेब, माझा भाऊ मेलाय. बारा दिवसांचा होता तेव्हा मेला. पिशवीत त्याचं लाकूड आहे. ते तेवढं आम्हाला परत मिळवून द्या."

मी कानांवर हात ठेवले. साठीला आलेला गाडीवाला मी, भर विमानतळावर पोरासारखे कान झाकून उभा राहिलो. एत्सेला काही झालं नाही. तो कोसळला नाही, त्याचा श्वास अडकला नाही. नुसता ओठ पुसत उभा होता.

अधिकारी म्हणाला, मग हे आधी सांगायचं ना. त्याचं बरोबर होतं. त्यानं टोपी घातली आणि तो स्वतः आत गेला. पाच-सात मिनिटांत परत आला, आणि मागोमाग सोलांज. तिनं मूर्ती आपल्या गळ्यातल्या रुमालात नीट गुंडाळली होती. ती रडत होती आणि माझ्याशी बोलत होती: तुम्हीच म्हणालात ना, तो लाकडं आणायला गेलाय, मला वाटलं परत आला की आई त्याला दुसरं खेळणं देईल. मला कुणी सांगितलं का नाही? मी काय सांगणार, डोंबल! तिनं रुमाल सोडून मूर्ती अयोकोपुढं धरली.

अयोकोनं हात पुढं केले नाहीत.

तिनं मूर्तीकडं पाहिलं. दुसऱ्या कुणाच्या टोपलीतले मासे पाहावेत तसं पाहिलं. मी म्हणालो, अयोको, घे. एत्से म्हणाला, आई, घे त्याला. तिनं एत्सेकडं नजरही वळवली नाही.

"हे लाकूड आहे," ती म्हणाली. "तिनं पैसे दिलेत. तिलाच राहू दे."

सोलांजनं मला विचारलं, काय म्हणाली ती? आतून सोलांजच्या नावाचा पुकारा झाला. तिनं मूर्ती टेबलावर नोटेशेजारी ठेवली आणि हुंदके देत गेली. एत्सेनं ती उचलली. नोट तिथंच राहिली.

परतीच्या वाटेवर, धक्का ओलांडला तिथं, अयोको रडू लागली. पन्नाशीची बाई बारा दिवसांचं बाळ गेल्यावर रडावं तसं रडत होती. त्याचं डोकं कसं हातात मावायचं, दूध कसं ओठांच्या कडेनं गळायचं, शेवटच्या पहाटे तो कसा गार लागला, हे सगळं. हे ती कधीही बोलली नव्हती, माझ्याजवळ नाही, कुणाजवळ नाही. चोवीस वर्षं तिला रडायला जागाच नव्हती, कारण तो यायचा होता. एत्से माझ्या शेजारी बसून समोरचा रस्ता बघत होता आणि मी गाडी चालवत होतो, कारण दुसरं काही मला येत नव्हतं.

गावातल्या बाया धावत आल्या, कोण गेलं म्हणून. अयोकोनं सांगितलं, आत्सू मेला. बाया दोन पावलं मागं सरकल्या. मोठी माणसं जमली. यावर उपाय आहे, शुद्धी करू, नवी मूर्ती घडवू, शब्द परत घेता येतो, असं ती माणसं म्हणू लागली. अयोकोनं डोकं भादरून घेतलं होतं. ती म्हणाली, "कशाला? कोण यायचंय?" त्यानंतर तिला कुणी जुळ्यांची आई म्हटलं की ती वळून बघेना, आणि हळूहळू लोकांनी म्हणायचं सोडलं.

एत्सेशी ती भांडली नाही. भांडली असती तर बरं. तिनं त्याला जेवायला वाढलं, त्याचे कपडे धुतले, फक्त त्याचं नाव घेणं सोडलं. एत्से म्हणजे मागून आलेला. कुणाच्या मागून, हे आता तिच्याजवळ नव्हतं. सहा महिन्यांनी तो प्वांत-न्वारला जाणाऱ्या होड्यांबरोबर निघाला, आमचे पुष्कळ कोळी तिकडं काँगोच्या किनाऱ्याला जातात. मीच त्याला धक्क्यावर सोडलं. त्याची पथारी खांद्यावर घेताना सुटली, आणि आत कापडात गुंडाळलेली मूर्ती होती. त्याच्या अंगावर नवा सदरा होता, त्याच कापडाचा तुकडा तिच्या कमरेला. मी पथारी पुन्हा बांधून त्याच्या खांद्यावर दिली.

वर्षभरानं एका खलाशाच्या हाती त्याची चिठ्ठी आली. अयोकोला वाचता येत नाही, म्हणून मी भट्टीजवळ बसून वाचून दाखवली. काम मिळालंय, इथं समुद्र शांत आहे, आम्ही दोघंही बरे आहोत. ‘दोघंही’ मी दोनदा वाचलं. अयोको जाळीवरचे मासे उलटत राहिली. चिठ्ठी घे म्हटलं तर म्हणाली, असू दे तुझ्याकडंच.

गेल्या महिन्यात मी एका तरुण जोडप्याला किनारा दाखवायला नेलं. त्यांना भट्टीचा फोटो हवा होता. अयोकोनं काढू दिला. त्या मुलीनं सहज, बोलायला काहीतरी हवं म्हणून विचारलं, यांना मुलं किती?

मी अयोकोला विचारलं. ती धुरात डोळे बारीक करून म्हणाली, "दोन होते. दोघंही मेले."

एत्सेची चिठ्ठी माझ्या खिशात होती. मुलगी माझ्या तोंडाकडं बघत थांबली होती. मी भाषांतर केलं, जसंच्या तसं. एकही शब्द बदलावा लागला नाही.